शंभर पाण्यांचं तूप

त्या दिवशी माझ्या तुपाला एकसष्ट मार्क पडले. मी निकालाचा कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. एकसष्टचे एक्याण्णव काही झाले नाहीत.

पास व्हायला सत्तर लागतात. आधीच्या महिन्यात अडुसष्ट पडले होते तेव्हा मी मशीनला नावं ठेवली होती. आता सलग दोन बॅच नापास झाल्या होत्या. तिसरी झाली की डबीवरचा शिक्का जाणार, आणि शिक्का गेला की अकरा वर्षांत उभं केलेलं सगळं गेलं. बिनशिक्क्याची डबी हल्ली कुणी फुकट दिली तरी घेत नाही.

मी सुलक्षणा निकम, कराडची. मी शंभर पाण्यांचं तूप विकते. वैद्य लोक त्याला शतधौत घृत म्हणतात, आम्ही घरात सरळ भाषेत बोलतो. गाईचं साजूक तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, त्यात गार पाणी घालायचं आणि तळहातानं फेसायचं. ते पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, पुन्हा फेसायचं. असं शंभर वेळा. शेवटी तुपाचा वासही राहत नाही आणि रंगही राहत नाही. लोण्याहून पांढरं, हलकं मलम तयार होतं. भेगाळलेल्या, खाजणाऱ्या, आग होणाऱ्या कातडीवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. हे मी म्हणत नाही, चिप म्हणायची.

ही त्वचाचिप बाजारात आली त्याला सहा वर्षं झाली. नखाएवढी काचपट्टी, आणि तिच्यावर प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या कातडीचा पापुद्रा. ही कातडी जिवंत असते. जुनी झडते, नवी येते, आणि आपल्या अंगावर राहतात तसे साधे जंतूही तिच्यावर नांदत असतात. आपलं मलम तिला लावायचं आणि एक दिवस ठेवायचं. कातडीतलं पाणी किती उडालं, ती लाल व्हायला लागलीय का, खाज आणणारे जंतू वाढले की आटले, हे सगळं खालच्या बारीक तारा मोजत राहतात आणि दुसऱ्या दिवशी शंभरातले मार्क हातात येतात.

त्या एका काचपट्टीनं बाजाराची उलथापालथ केली. आधी नटीचा चेहरा, देखणी बाटली आणि मोठी जाहिरात असली की काहीही खपायचं. चिपवर मोठमोठ्या क्रीमना पन्नास-पंचावन्न पडायला लागले आणि खेड्यातल्या एखाद्या बाईच्या रिठ्याच्या पाण्याला पंच्याऐंशी. घराघरांत मिक्सर फिरायला लागले. सरकारनंही नियम केला की अंगाला लावायची वस्तू घरची असो की कारखान्याची, प्रत्येक बॅच चिपवर पास झालीच पाहिजे. लोक आकड्याला इतके सोकावलेत की माझी शेजारीण लेकीसाठी स्थळ बघताना मुलाचे मार्क विचारते, तेव्हा तिला शिक्षण विचारायचं असतं की कातडी, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या तुपाला कायम एक्याण्णव-ब्याण्णव. जिल्ह्यात पहिला नंबर. माझ्या हाताला गुण आहे, असं मी येईल त्याला सांगायचे.

रडत बसणाऱ्यातली मी नाही. दुसऱ्या दिवसापासून कारण शोधायला लागले. शिक्क्यासाठीची चाचणी वेगळी आणि कच्ची चाचणी वेगळी. कच्चीचे मार्क कुठे धरत नाहीत, म्हणून मी कच्च्या चाचण्यांचा सपाटा लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. आधी तूप बदललं. गवळ्याच्या गाईंना काय चारलं जातं याची इतकी चौकशी केली की तो मला बघितल्यावर गोठ्यात लपायला लागला. मार्क साठ. मग नळाचं पाणी सोडून मैत्रिणीच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणलं. बासष्ट. परात चिंचेनं घासून लख्ख केली. एकोणसाठ. तूप, पाणी, परात, तिन्ही झाली, आणि एकाचीही चूक निघाली नाही.

तेव्हा मी तीन डब्या पिशवीत घालून परीक्षण केंद्रावर गेले. प्रत्येक बॅचच्या काही डब्या वर्षभर राखून ठेवाव्या लागतात, त्यातली एक ब्याण्णव मार्कांची होती आणि दोन नापास. केंद्रावर डॉ. नसीमा मुजावर असतात. वयानं माझ्या भाचीएवढ्या, पण बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी डब्या ठेवून घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.

"काकू, चिप फक्त मार्क देते, कारण सांगत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी तुमच्या तुपात कोण कोण राहतं ते बघितलं. जुन्या डबीत हा एक जंतू भरपूर आहे. नव्या डब्यांत नाही."

"तुपात जंतू? मी एवढी स्वच्छता ठेवते."

"घाबरू नका, निरुपद्रवी आहे, सगळं तपासलंय. उलट हाच तुमचे मार्क मिळवत होता. तो एक पदार्थ सोडतो, त्यानं खाज आणणारे जंतू दबतात आणि कातडी स्वतःचं तेल जास्त बनवायला लागते. हा तुपातला नाही आणि पाण्यातलाही नाही. माणसाच्या तळहातावर राहणारा आहे, हजारात एखाद्याच्या. शंभर वेळा तळहातानं फेसताना तो तुपातल्या पाण्याच्या बारीक थेंबांत जाऊन बसतो. तूप फेसतं कोण?"

"मी."

"आधीपासून तुम्हीच?"

"मीच," मी म्हणाले. किती चटकन तोंडातून गेलं ते.

त्यांनी माझे दोन्ही तळहात जेलीच्या पट्टीवर दाबून घेतले. घरी जाताना मी स्वतःच्या हातांकडे कौतुकानं बघत होते. तीन महिन्यांपूर्वी हातमोजे घालायला लागल्यापासून बिचारा जंतू गुदमरला असेल, मोजे काढले की येईल वर, असं मनाशी म्हणत होते. दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला.

"तुमच्या हातावर तो नाही, काकू. आता खरं सांगा. आधी कोण फेसायचं?"

"माझी नणंद," मी म्हणाले.

विजयमाला तिचं नाव. यांची थोरली बहीण. मी तिला वन्सं म्हणते. हा शब्द आमच्या पिढीतच संपत आला होता, पण मला तोंडात बसला तो बसला. वन्संच्या लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा त्यांच्या उजव्या हातावर पहिला पांढरा डाग आला. वर्षभरात दोन्ही हात मनगटापर्यंत कोडानं पांढरे झाले. कोड लागत नाही, हे डॉक्टर शंभर वर्षं घसा फोडून सांगताहेत. पण सासरच्यांनी, घरातल्या लेकरांना लागेल म्हणून, त्यांना माहेरी पोचवलं. येताना त्यांनी लग्नात मिळालेली तांब्याची परात तेवढी उचलून आणली.

त्याच परातीत आमचं तूप सुरू झालं. फेसायच्या वन्सं. दोन वाट्या घेऊन बसायच्या, एका वाटीत शंभर चिंचोके. एक पाणी झालं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. त्यांच्या हाताची लय इतकी सारखी असायची की मला आतल्या खोलीतून ऐकूनही कळायचं, कितवं पाणी चाललंय. नाव, डबी, गिऱ्हाईक, बोलणं, हे सगळं माझ्याकडे. डबीवर नावही माझंच.

तीन महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका मोठ्या दुकानानं आमचं तूप ठेवायची तयारी दाखवली. अट एवढीच की बनवताना मोबाईलवरून थेट दाखवायचं. पहिल्याच दिवशी वन्सं फेसत होत्या आणि खाली कुणीतरी लिहिलं, हे हात कसले, तूप घ्यायचं की रोग घ्यायचा? मग आणखी दोघांनी लिहिलं. मी मोबाईल बंद केला.

"वन्सं, तुम्ही जरा आत बसा," मी म्हणाले. "डब्या भरायचं बघा. फेसायचं मी करते. आपल्याला माहितीय, पण लोकांना वाटतं, लागतं."

त्यांनी हात पदराला पुसले. वाटीतले चिंचोके बघितले आणि म्हणाल्या, "चौसष्ट झालेत. छत्तीस राहिलेत." मग उठून आत गेल्या. चार दिवसांनी त्या कोरेगावजवळच्या एका रोपवाटिकेत कामाला निघून गेल्या. राहायला खोली मिळतीय म्हणाल्या. मी थांबा म्हटलं नाही, यांनीही म्हटलं नाही. परात मात्र त्या ठेवून गेल्या, आणि मी हातमोजे घालून त्यात तूप फेसायला लागले. पहिल्या बॅचला शहात्तर पडले, मग अडुसष्ट, मग एकसष्ट. परातीला त्यांचं जे काही चिकटलेलं होतं, ते असं हळूहळू धुऊन गेलं.

डॉक्टर मुजावरांनी मला केंद्रावर बोलावून पुढचं नीट समजावलं. जंतूचा आणि कोडाचा काही संबंध नाही, तो कुणाच्याही हातावर असू शकला असता. जुन्या डब्यांत तो अजून जिवंत आहे. पण तुपात वाढत नाही, नुसता तग धरतो. विरजणासारखी एक डबी नव्या तुपात घातली तर एक बॅच निघेल. माझ्याकडे तशा सात डब्या होत्या.

"किंवा आम्ही तो इथं टाकीत वाढवून देतो. मग कायमची काळजी मिटली," त्या म्हणाल्या आणि एक फॉर्म पुढे सरकवला. "हा रकाना बघा. जंतू मूळ कुणाच्या अंगावरचा? कायद्यानं त्याच्यावर त्या माणसाचा हक्क आहे, त्याची सही लागते. माणूस माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहायचं, मग सही लागत नाही. बरेच लोक अज्ञातच लिहितात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी रकाना दाखवला," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी एक डबी विरजणासारखी घालून थोडं तूप केलं आणि कच्च्या चाचणीला पाठवलं. एकोणनव्वद. म्हणजे डॉक्टर म्हणत होत्या ते शंभर टक्के खरं होतं. जेवणं झाल्यावर फॉर्म टेबलावर ठेवला. हे समोर पेपर वाचत होते.

"मग संपलाच की प्रश्न," हे म्हणाले. "अज्ञात लिही. अक्काला कळणार पण नाही."

"तुमची सख्खी बहीण आहे ना ती?"

यांनी पेपर आणखी वर धरला.

तीन अक्षरं लिहायची होती. मी पेन उघडलं, रकान्यावर टेकवलंसुद्धा. आणि मला माझीच शिसारी आली. सासरच्यांनी त्यांना एकदा दाराबाहेर काढलं होतं, उघड उघड, कोड आहे म्हणून. मी गोड बोलून काढलं होतं. आणि आता त्यांच्या अंगावरचा जंतूसुद्धा ठेवून घेऊन त्यांचं नाव पुसायला निघाले होते. मी फॉर्मची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कोरेगावची गाडी धरली.

वन्सं रोपांच्या पिशव्यांत माती भरत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला नाही.

"आलीस व्हय. त्या पोत्यावर बस, ते कोरडं आहे."

मी बसले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मार्क, जंतू, डबीचं विरजण, फॉर्म. डॉक्टरांना दोनदा खोटं बोलले तेही सांगितलं. वन्सं ऐकत होत्या आणि पिशव्या भरत होत्या.

"म्हणजे माझ्या हातावर किडे हायत," त्या म्हणाल्या.

"चांगले आहेत."

"मग लिही की अज्ञात. तुझं तूप झालं, माझी कटकट गेली."

"नाही लिहिणार. चुकलं माझं, वन्सं. लोकांनी तोंड उघडलं आणि मी तुम्हाला आत बसवलं. तुमच्या हातचं तूप माझ्या हाताचा गुण म्हणून विकत होते. तुम्ही परत या."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तीन महिने या हातांनी माती, शेणखत, फवारलेली रोपं, सगळं केलंय. संध्याकाळी फिनेलच्या पाण्यात हात बुडवते. तुझा तो जंतू राहिला असंल का?"

"माहीत नाही."

"आणि नसला तर?"

खरं सांगते, मला उत्तर द्यायला वेळ लागला. तेवढ्यात डोळ्यांपुढून शिक्का गेला, दुकान गेलं, अकरा वर्षं गेली. वन्संनी तो वेळ बघितला.

"नसला तरी या," मी म्हणाले. "घर तुमचं आहे आणि परातही तुमचीच आहे."

"मग असं कर. आधी दाखव. तुझ्या त्या मोबाईलसमोर, सगळ्यांदेखत, हात तपासायच्या आधी. निकाल चांगला आला की सगळेच हात धरत्यात."

"उद्या अकरा वाजता," मी म्हणाले.

त्यांनी हातातली पिशवी भरून पुरी केली, रोप सरळ केलं आणि मुकादमाला सांगायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी मोबाईल लावून परातीपुढे बसले, हातमोजे न घालता. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या. चौसष्ट पाणी मी फेसली. खांदे भरून आले, अकरा वर्षं वन्सं हे कसं करत होत्या कोण जाणे. चौसष्टावा चिंचोका टाकून मी उठले आणि त्यांना हाक मारली. त्या आल्या, वाटीत डोकावल्या आणि थबकल्या. वाटीत छत्तीस चिंचोके राहिले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पदर खोचून बसल्या आणि परातीत हात घातला.

मोबाईलवर तेव्हा तीनशे-साडेतीनशे माणसं बघत होती.

"हे हात माझ्या नणंदेचे, विजयमाला निकम यांचे," मी म्हणाले. "हातावर कोड आहे. कोड लागत नाही. इतकी वर्षं तुम्ही जे तूप नेलंत ते याच हातांनी फेसलेलं आहे. तीन महिन्यांपूर्वी मी यांना आत बसवलं, आणि तेव्हापासून माझं तूप नापास होतंय. ज्यांना नको असेल त्यांनी घेऊ नका."

खाली काय काय लिहून आलं ते सगळं इथे सांगत नाही. घाण लिहिणारे होतेच, आणि माझ्या जुन्या गिऱ्हाईकांपैकीही काही जणी त्यांत होत्या, याचं वाईट वाटलं. पुण्याच्या दुकानाचा फोन तासाभरात आला आणि करार संपला. एका बाईनं मात्र लिहिलं होतं, जरा थांबा, माझ्या मुलीच्या हातावर पण आहे, तिला बोलावून आणते. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वन्सं म्हणाल्या, "ब्याऐंशी," आणि चिंचोका टाकला, पण त्यानंतर त्यांचा हात जरा हळू चालला. पोरगी येऊन बसेपर्यंत पाणी संपू नये, एवढ्यासाठी.

मग आम्ही दोघी केंद्रावर गेलो. डॉक्टरांनी वन्संचे तळहात दाबून घेतले. दोन दिवसांनी केंद्रावर निकाल हातात आला. जंतू नव्हता. फिनेलनं आणि फवाऱ्यानं एकही ठेवला नव्हता.

वन्संनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "मग? पाठवतीस परत?"

"पाठवते तर. आणि तूप कोण फेसणार, मी? माझ्या खांद्यांचा ठणका अजून उतरला नाही."

त्या हसल्या. मी फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. रकान्यात मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, विजयमाला बाबुराव निकम. त्यांनी सही केली तर डॉक्टर डबीतला जंतू टाकीत वाढवणार होत्या आणि तिसरी बॅच डोळे मिटून पास होणार होती. वन्संनी कागद पूर्ण वाचला, एकेक ओळ.

"न्हाई. टाकीत नको," त्या म्हणाल्या.

"वन्सं, महिनाअखेरीला बॅच द्यायचीय. ही गेली तर शिक्का जाईल."

"टाकीत गेला की हाताची गरज संपली, सुलक्षणा. मग मशीन फेसंल आणि मी परत आतल्या खोलीत. उद्या दुसऱ्या कुणी आत बसवलं तर मी काय दाखवू?" त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. "डबीतला जित्ता हाय म्हणता ना? माझाच हाय ना? मग माझ्या हातावर परत बसवा."

डॉक्टर मुजावर पहिल्यांदा गोंधळलेल्या दिसल्या. "बसू शकतो. तळहातावर रोज लावायचा, फिनेल नाही, निर्जंतुक करणारं काही नाही, साधं पाणी. तीन आठवडे तरी लागतील. पण खात्री नाही."

मी वन्संकडे बघितलं. माझी अकरा वर्षं त्या कागदावर होती आणि त्यांची त्यांच्या हातावर. हक्क त्यांचा होता. तूप त्यांच्या हातांचं, हे मी मोबाईलसमोर मोठ्या तोंडानं सांगून बसले होते. आता ते खरं करायची वेळ आली होती.

"फॉर्म परत घ्या, डॉक्टर," मी म्हणाले. "हातावरच बसवू. आणि माझेही हात आहेत, ते पण धरा."

तीन आठवडे आम्ही दोघी रोज त्या परातीपुढे समोरासमोर बसलो. एकेक डबी उघडायची, थोडं तूप तळहातांना चोळायचं आणि मग दोघींनी एकाच परातीत हात घालून फेसायचं, आळीपाळीनं नाही, एकदम. सुरुवातीला हातांची टक्कर व्हायची. "डावीकडून ये, बाई, तूप फेसतीयस, भांडण न्हाई," वन्सं म्हणायच्या. आठवड्याभरात लय जमली. यांनीही एक दिवस मुकाट्यानं विहिरीचं पाणी आणून दिलं आणि तिथंच घुटमळत उभे राहिले. वन्सं त्यांना म्हणाल्या, "उभा काय राहिलास, चिंचोके मोज." तेव्हापासून हे चिंचोके मोजायला बसायला लागले.

उरलेल्या सहा डब्या संपल्या. महिनाअखेरीला दोघींनी मिळून शंभर पाण्यांची बॅच केली, विरजण न घालता, नुसत्या हातांनी. कच्च्या चाचणीला वेळ उरला नव्हता. बॅच थेट शिक्क्याच्या चाचणीला गेली आणि त्याच दिवशी आमचे चारही तळहात पुन्हा पट्टीवर दाबून घेतले गेले.

दुसऱ्या दिवशी मी केंद्राच्या बाकावर बसले होते. वन्सं शेजारी बसून कुणाच्या तरी कुंडीतलं वाळकं पान खुडत होत्या. डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी दोन कागद माझ्या हातात दिले.

पहिल्यावर आकडा होता, सत्त्याऐंशी. मी तो वन्संना दाखवला. त्यांनी मान हलवली, जणू बाजारात भाजी निवडून झाली. मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसरा कागद तळहातांचा होता. त्यावर चार हात छापलेले, आणि जंतू जिथं सापडला तिथं हिरवे ठिपके. वन्संचे दोन्ही हात हिरवे. माझा डावा हात कोरा होता. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, मूठभर हिरवे ठिपके होते.

वन्संनी कागद डोळ्यांजवळ धरून नीट बघितला. मग माझा उजवा हात स्वतःच्या पांढऱ्या हातात घेतला, उलटा केला आणि अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवलं.

"लागलं बघ तुला माझं," त्या म्हणाल्या.

"लागलं एकदाचं," मी म्हणाले, आणि हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला.